गिटारच्या टॉपखालचे ब्रेसिंग: आकृतीपेक्षा उंची महत्त्वाची

हाताने अकूस्टिक गिटार बनवू लागलेला माणूस सुरुवातीच्या काळात एका प्रश्नापाशी हमखास अडतो, तो म्हणजे टॉपच्या, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीच्या, आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या (ब्रेस) कोणत्या आकृतीत चिकटवायच्या. एक्स, पंखा, शिडी, जाळी, व्ही अशा प्रत्येक आकृतीमागे एखादा नामवंत कारागीर किंवा कारखाना उभा असतो आणि प्रत्येकीचे पाठीराखे आपलीच आकृती कशी श्रेष्ठ हे हिरिरीने सांगत असतात. यांतल्या बऱ्याच आकृत्या मी स्वतः करून पाहिल्या आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की आकृती ही फक्त पहिली निवड असते. गिटारचा आवाज त्यानंतर ठरतो आणि तो मुख्यतः ब्रेसची उंची, त्याचा उतार आणि त्याची टोके यांवर ठरतो.

टॉपकडून आपल्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. पोलादी तारांच्या हलक्या संचाचा, म्हणजे ०.०१२ इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणाऱ्या संचाचा, एकूण ताण साधारण ७० ते ७५ किलो असतो. नायलॉनच्या तारांचा ताण याच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो. हा ताण थेट टॉपच्या पातळीत पडत नाही. टॉपवर चिकटवलेल्या ज्या लाकडी तुकड्यात तारा अडकवतात तो ब्रिज, आणि त्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात ते सॅडल; हा ताण सॅडलवर, टॉपच्या पृष्ठभागापासून जवळपास १२-१३ मिलिमीटर उंचीवर पडतो, आणि त्यामुळे ब्रिज साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, दिशेने कलू पाहतो. परिणामी ब्रिजच्या मागची बाजू फुगते आणि पुढची बाजू खचते. अडीच-तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची फळी हा पिळवटणारा भार एकटीने वर्षानुवर्षे सोसू शकत नाही. त्यातही स्प्रूस तंतूंच्या दिशेने जितके ताठ असते त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही आडव्या दिशेने नसते, म्हणून आडवा ताठपणा बाहेरून पुरवावा लागतो. तो पुरवताना हात सैल सोडला आणि जाडजूड पट्ट्या बसवल्या, तर तार छेडल्यावर मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेने टॉप हलतच नाही. कौलारू छपराच्या वाशांनी छप्पर धरून ठेवले की त्यांचे काम संपते. इथल्या वाशांनी छप्पर धरायचे आणि ते थरथरूही द्यायचे असते.

हा पेच स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या रीतीने सोडवला, ती रीत शास्त्रीय गिटार बनवणारे आजही गिरवतात: साउंडहोलखाली पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या सात बारीक पट्ट्या आणि त्यांच्या खालच्या टोकांशी दोन तिरप्या पट्ट्या. पंख्याची कल्पना तोरेस यांची नव्हती, कारण सेव्हिल आणि कादिझच्या कारागिरांनी अठराव्या शतकातच तशा पट्ट्या वापरल्या होत्या. तोरेस यांनी टॉप मोठा केला, पातळ केला, त्याला किंचित घुमटाकार दिला आणि पट्ट्यांची योजना त्याला साजेशी बेतली. १८६२ साली त्यांनी एक गिटार अशी बनवली की जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या आणि टॉप तेवढा खऱ्या लाकडाचा. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाजाचा उगम टॉपमध्ये आहे हे दाखवण्यासाठी याहून रोखठोक प्रयोग कुणी केल्याचे मला ठाऊक नाही, आणि आपल्याकडे गिटार विकत घेताना पाठ शिसवीची आहे की महोगनीची यावर जो काथ्याकूट चालतो तो ऐकला की मला ही पुठ्ठ्याची गिटार आठवते.

एक्सची कथा आणखी उद्बोधक आहे. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन येथून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारींत १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला एक्स ब्रेसिंग दिसू लागते. त्या काळी गिटारला आतड्याच्या तारा असत. पोलादी तारा त्यांच्या कारखान्यात सर्रास बसू लागल्या त्या १९२०च्या दशकात. म्हणजे आज पोलादी तारांसाठीच जन्मली अशी समजली जाणारी ही आकृती मुळात कितीतरी हलक्या ताणासाठी आखलेली होती. ताण वाढला तेव्हा आकृती तीच राहिली, बदलली ती पट्ट्यांची जाडी, उंची आणि जागा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस एक्सचा छेद साउंडहोलपासून दूर, ब्रिजच्या दिशेने सरकवण्यात आला. १९४४ साली मार्टिन कंपनीने ब्रेसना मध्ये खोलगट कोरण्याची पद्धत बंद केली, कारण वादक जाड तारा लावू लागले होते आणि टॉप फुगण्याच्या तक्रारी परवडण्यासारख्या नव्हत्या. खोलगट कोरलेले ब्रेस नेहमीच्या उत्पादनात परतले ते १९७६ साली, एचडी-२८ या मॉडेलमध्ये. लाकूड तेच, आकृती तीच, कारखानाही तोच. तरी १९४४ पूर्वीच्या आणि नंतरच्या गिटारींमधला फरक वादकांना ऐकू येतो आणि जुन्या गिटारींसाठी ते अवाच्या सवा किंमत मोजतात. त्या किमतीत जुनेपणाचा आणि दुर्मीळपणाचा वाटा मोठा आहे हे मान्य. पण कोरलेल्या ब्रेसचा वाटाही त्यात आहे.

उंचीला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने समजते. आयताकृती पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, उंचीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. ८ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच पट्टीची उंची २ मिलिमीटरने उतरवली, तर वजन आठव्या हिश्शाने कमी होते, पण ताठपणा एक तृतीयांशाने घटतो. उलट तीच पट्टी ६ मिलिमीटर रुंद करून तिची उंची १७.६ मिलिमीटर ठेवली, तर ताठपणा जवळपास मूळचाच राहतो आणि वजन साडेसतरा टक्क्यांनी उतरते. म्हणून मी हल्ली एक्सच्या पट्ट्या अरुंद आणि उंच ठेवतो. याला मर्यादा अर्थातच आहे: पट्टी फार अरुंद झाली की सरसाला धरायला जागा उरत नाही आणि ती आडवी कलंडण्याचा धोका वाढतो. साडेपाच मिलिमीटरच्या खाली जाण्याचे धाडस मी केलेले नाही.

पट्टीचे लाकूड करवतीने कापण्याऐवजी मी ते फोडून घेतो. स्प्रूसच्या ठोकळ्याच्या टोकावर रुंद पटाशी ठेवून हातोडीचा एक ठोका दिला, की लाकूड स्वतःच्या तंतूंच्या वाटेने दुभंगते आणि ठोकळा किती तिरका कापला गेला होता ते तत्क्षणी उघडे पडते. बाहेरून सरळ दिसणाऱ्या ठोकळ्यातले तंतू कधीकधी वीतभर लांबीत बोटभर सरकलेले निघतात. अशा ठोकळ्यातून करवतीने काढलेली पट्टी रेखीव दिसते, परंतु तिचे तंतू मध्येच तुटलेले असतात आणि उंची जपून केलेला सगळा हिशेब तिथे वाया जातो. आपल्याकडचे शिवणीचे लाकूडही मी ब्रेससाठी आजमावले. ते घडवायला गोड आहे, पण माझ्या हाती आलेले तुकडे स्प्रूसपेक्षा जड आणि कमी ताठ निघाले, त्यामुळे त्यांची रवानगी गिटारच्या आतल्या इतर ठोकळ्यांकडे झाली.

चिकटवण्यासाठी परदेशी कारागीर फायबरग्लासच्या लवचीक काड्या वापरतात: खाली टॉप, वर पक्की फळी, आणि दोहोंच्या मध्ये वाकवून अडकवलेल्या काड्यांचा दाब ब्रेसवर. मी त्यासाठी सिंधुदुर्गातून आणलेल्या माणग्याच्या चिरलेल्या काड्या वापरतो. माणगा हा जवळजवळ भरीव बांबू असल्याने काडी तासून हवी तितकी जाड ठेवता येते आणि ती वाकवल्यावर दाबही एकसारखा मिळतो. एक्स जिथे एकमेकांना छेदतो तिथे दोन्ही पट्ट्यांना निम्म्या उंचीची खाच पाडून त्या एकमेकींत बसवतात. ज्या पट्टीची खाच वरच्या बाजूला उघडी राहते ती तिथे कमजोर होते, म्हणून सांध्यावर सरसात भिजवलेला सुती कापडाचा तुकडा चिकटवण्याची जुनी रीत आहे. मी कापडाऐवजी स्प्रूसची पातळ टिकली बसवतो, कारण माझ्या मते संपूर्ण टॉपवर सर्वाधिक ताठपणा याच जागी हवा.

आता मुख्य प्रयोगाकडे येतो. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या फळ्यांचे दोन टॉप मी बाजूला ठेवले होते. दोन्ही टेकूंवर आडवे ठेवून मध्यभागी ठराविक वजन ठेवले आणि दोन्ही सारखेच वाकेपर्यंत त्यांची जाडी रंध्याने उतरवली. जाडीचा आकडा सारखा ठेवण्यापेक्षा वाक सारखा ठेवणे अधिक खात्रीचे, कारण एकाच ओंडक्यातल्या फळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. दोन्हींवर एकाच मापाचा एक्स चिकटवला. पहिलीवर ब्रेस मध्ये खोलगट कोरून ब्रिजच्या टोकांजवळ पुन्हा उंचवटा ठेवला, दुसरीवर ते छेदापासून कडेपर्यंत सरळ उताराने निमुळते केले. पाठ आणि बाजू दोन्हींना शिसवीच्या, एकाच लॉटमधल्या. या शिसवीबद्दल थोडे विषयांतर करतो: आपल्या पश्चिम घाटातली शिसवी ही जगभरच्या गिटारींची पाठ आहे. ब्राझीलमधली शिसवी दुर्मीळ होत गेली आणि मार्टिन कंपनीने १९६९ साली भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले.

दोन्ही गिटारींना तारा चढवल्यावर फरक ओळखण्यासाठी तीक्ष्ण कानांची गरज पडली नाही. कोरलेल्या ब्रेसच्या गिटारचे खर्जाचे स्वर भरदार आणि किंचित पसरट होते, जोरात वाजवल्यावर ते एकमेकांत मिसळत. सरळ उताराच्या गिटारचे स्वर सुटे, वरच्या तारांवर अधिक काळ टिकणारे आणि एकेक स्वर वाजवणाऱ्याला आवडतील असे होते. ब्रिजवर बोटाने टकटक करून फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहिले, तेव्हा पहिल्या गिटारच्या टॉपचा मुख्य कंप १८५ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरीचा २०० हर्ट्झच्या किंचित वर आढळला. पोटातल्या हवेचा कंप दोन्हींत १०० हर्ट्झच्या जवळपास होता. गाण्याला साथ करणाऱ्या माझ्या एका मित्राने पहिली उचलली आणि खाली ठेवली नाही. मला स्वतःला दुसरी अधिक पटली.

पण प्रयोगाचा खरा गाभा यानंतरचा आहे. दुसऱ्या गिटारचे ब्रेस मी साउंडहोलमधून हात घालून थोडे थोडे तासत गेलो. तारा ढिल्या करायच्या, मनगटापर्यंत हात आत सरकवायचा, बोटाच्या पेराएवढा रंधा अंगठा आणि तर्जनीत धरून ब्रेसच्या पाठीवरून ओढायचा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, छोटा आरसा आणि दिवा आत सोडूनही जेमतेम एक बाजू दिसते. त्यामुळे दुसऱ्या हाताच्या बोटाने उतार चाचपत राहणे हाच मार्ग. स्प्रूसची कुरळी साले साउंडहोलमधून बाहेर काढली की तारा पुन्हा चढवायच्या, टॉप स्थिरावू द्यायचा आणि मग ऐकायचे. खर्जाकडच्या बाजूचा ब्रेस ब्रिजच्या खालच्या भागात तासला की टकटकीचा आवाज ‘टक’कडून ‘ढम’कडे सरकतो. साउंडहोलजवळ, छेदाच्या वरच्या भागात तितकेच लाकूड काढले तरी कानाला जवळजवळ काहीच कळत नाही, मात्र ब्रिजपुढचा खचाव वाढतो. म्हणजे तिथे लाकूड काढून आवाजात काही पदरात पडत नाही, गिटारचे आयुष्य मात्र कमी होते.

इथे एक अडचण समोर येते, जिच्याविषयी आकृतीवर वाद घालणारे क्वचितच बोलतात. टॉपचा मुख्य कंप नेमका एखाद्या स्वरावर येऊन थांबला, तर तो स्वर इतरांपेक्षा मोठा वाजतो आणि पटकन विझतो. तिसरी सुटी तार १९६ हर्ट्झवर असते. २०० हर्ट्झवरून खाली येणारा कंप तिथे पोचला तेव्हा ती तार ठोकळ्यासारखी वाजू लागली. आणखी दोन-चार हात मारून तो १९० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणला, तेव्हा तिसरी तार पुन्हा बाकीच्यांच्या पंगतीत बसली. यासाठी आकृतीला हातही लावावा लागला नाही.

ब्रेसच्या टोकांचाही असाच अनुभव आहे. एक्सची चारही टोके बाजूंच्या आतल्या लायनिंगमध्ये, म्हणजे टॉप चिकटवण्यासाठी कडेने लावलेल्या पट्टीत, खाच पाडून अडकवावीत, की कडेला पोचेपर्यंत ती शून्यावर आणावीत, यावर कारागिरांत मतभेद आहेत. वरची दोन टोके अडकवायलाच हवीत, कारण तिथे मानेचा रेटा येतो. खालची दोन मी हल्ली कडेच्या आधी दोनेक मिलिमीटर उंचीवर आणतो आणि तेवढीच खाचेत बसवतो. ती पूर्ण मोकळी सोडली तर टॉपची कड सैल होऊन खर्ज वाढतो हे खरे, पण काही वर्षांनी तीच टोके टॉपपासून सुटून खुळखुळू लागतात, आणि दुरुस्तीला आलेल्या गिटारींमध्ये मला हा दोष वरचेवर आढळतो.

खसखशीच्या आकृत्यांचा मोह मात्र माझा ओसरला आहे. एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ साली वाळू पसरून दाखवलेला प्रयोग मोकळ्या टॉपवर करता येतो: टॉपखाली स्पीकर ठेवून स्वराची उंची हळूहळू वाढवली की खसखस उड्या मारत जिथे कंप नाही त्या रेषांवर गोळा होते, आणि उभा-आडवा ताठपणा जमून आला असेल तर टॉपवर बंद कडे उमटते. दिसायला हे फार सुंदर असते. परंतु टॉप बाजूंवर चिकटला की त्याच्या कडा बांधल्या जातात आणि मोकळ्या फळीवर पाहिलेल्या आकृत्या तशा उरत नाहीत. एखादी फळी अगदीच एकांगी ताठ आहे का एवढे तपासायला ही पद्धत मी वापरतो, त्यापुढे नाही.

हवेचे भान न ठेवता केलेले ब्रेसिंगचे सर्व प्रयोग आपल्याकडे निष्फळ ठरतात. टॉप तंतूंच्या आडव्या दिशेने आर्द्रतेनुसार फुगतो-आकसतो. ब्रेस त्याच्यावर आडवे किंवा तिरपे चिकटलेले असतात आणि त्यांची लांबी जवळजवळ बदलत नाही. पुण्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते आणि एप्रिलच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपासही उतरते. जुलैत उघड्या हवेत चिकटवलेला टॉप मे महिन्यात आकसू पाहतो, ब्रेस त्याला आकसू देत नाहीत, आणि मग तो खचतो किंवा मधोमध चिरतो. शिडीसारख्या पूर्ण आडव्या पट्ट्यांत हा धोका सर्वाधिक, एक्समध्ये त्याहून कमी. त्यामुळे ब्रेस चिकटवण्याचे काम मी बंद खोलीत, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या जवळ आणून, लाकूड तिथे मुरल्यावरच करतो. दोन गिटारींची तुलना वेगवेगळ्या ऋतूंत करण्यात तर काहीच अर्थ नसतो.

शिडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो: स्वस्त गिटारींत प्लायवूडखाली ठोकलेल्या आडव्या पट्ट्या पाहून शिडीला हलके लेखण्याची प्रथा आहे, ती चुकीची आहे. फ्रान्समध्ये १९३२ साली सुरू झालेल्या सेल्मर-माकाफेरी गिटारींचे ब्रेसिंग शिडीसारखेच आडवे आहे, आणि जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या वादनातली ती तीक्ष्ण, पुढे झेपावणारी आस त्याच बांधणीतून येते. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन आहेत, ज्यांनी अतिशय पातळ टॉपखाली बाल्सा हे अतिशय हलके लाकूड आणि कार्बन फायबर यांची जाळी वापरली आणि ज्यांच्या गिटारी शास्त्रीय गिटारवादक जॉन विल्यम्स १९८०च्या दशकापासून वाजवत आले. जाळीचा आवाज मोठा असतो यात वाद नाही. मला तो काहीसा एकसुरी वाटतो, आणि तो मोठेपणा जाळीइतकाच टॉपच्या हलकेपणाचा आहे असे माझे मत आहे. रसायनशास्त्रज्ञ मायकेल काशा यांनी खर्जासाठी आणि तारस्वरांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांची विलक्षण योजना आखली, गिब्सन कंपनीने १९७०च्या दशकात तिच्यावर मार्क मालिकाही काढली, पण ती बाजारात टिकली नाही. टेलर कंपनीचे अँडी पॉवर्स यांनी २०१८ साली व्ही आणला, ज्यात दोन मुख्य पट्ट्या तारांच्या दिशेने धावत तळाकडे एकत्र येतात. त्याची मी एक नक्कल केली आहे. स्वर टिकतात, हे खरे. परंतु त्या नक्कलेतही खर्ज खुलला तो व्हीच्या पट्ट्या ब्रिजमागे दीड मिलिमीटरने उतरवल्यावरच.

सध्या टेबलावर असलेल्या टॉपवर पुन्हा एक्सच आहे. या वेळी तारस्वरांकडचा पाय खर्जाकडच्या पायापेक्षा एक मिलिमीटर उंच ठेवला आहे आणि बाकी सर्व मापे मागच्या गिटारचीच घेतली आहेत. पाठ चिकटवायची ती पाऊस सरून खोली कोरडी झाल्यावर.